दिवस मावळायच्या आत

अमेरिकेच्या इतिहासावरील पुस्तकांत एक शब्द वारंवार भेटतो आणि तो वाचला की दर वेळी मला आमच्या गावची चावडी आठवते. शब्द आहे 'सनडाऊन टाउन'. 'सूर्यास्ताचे गाव' असे त्याचे भाषांतर केले, तर एखाद्या भावकवीच्या संग्रहाचे नाव वाटावे. पण ज्या गावात काळ्या माणसाने दिवसा यावे, लाकडे फोडावीत, भांडी घासावीत, मजुरी घ्यावी आणि दिवस मावळायच्या आत गावाची हद्द ओलांडून निघून जावे, त्या गावास हे नाव आहे. कित्येक गावांच्या वेशीवर तशी पाटीच असे. जेथे पाटी नव्हती, तेथे ती सर्वांस तोंडपाठ होती.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ज्यांनी ह्या भागात बालपण घालविले आहे त्यांस आपापले गाव आठवेलच. आमच्या घरी पाटीलकी होती. गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे, फासेपारध्यांचा बेडा अधूनमधून पडे. सकाळी त्या बेड्यातील बाया तित्तर, लावे, कधी एखादा ससा घेऊन गावात येत, ज्वारीच्या बदल्यात ते देत, आणि उन्हे उतरू लागली की चावडीपुढून परत जात. आबाजी ओट्यावर बसलेले असत. ते तसे मायाळू गृहस्थ. कोणावर ओरडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते नुसते म्हणत, "दिवा लागाच्या आंधी शिव ओलांडा, माय. मंग मले बोल लावू नका." बाया "हो, पाटील" म्हणत आणि पावले उचलीत. मला त्यात काही वावगे वाटत नसे. गाई गोठ्यात येतात, दिवे लागतात, पारधिणी गावाबाहेर जातात, असा तो संध्याकाळचा क्रमच होता.

ह्या क्रमास इतिहास आहे, हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली. तो इतिहास सांगावा म्हणून हा लेख.

प्रथम अमेरिका. तेथील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. पुढील दहाबारा वर्षांत काळ्या लोकांस मताधिकार मिळाला. त्यांच्यातून आमदार झाले, संसदेचे सभासद झाले. महाराष्ट्रात बसून जोतीराव फुल्यांनी हे पाहिले, आणि १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केली. आमच्या भाषेतील अर्पणपत्रिकांत इतकी दूरवर गेलेली दुसरी सापडणे कठीण. जोतीरावांची आशा खोटी नव्हती. पण अमेरिकेने मात्र ती फार दिवस पाळली नाही. १८७७ मध्ये दक्षिणेतील केंद्रीय सैन्याचा पहारा उठला आणि हळूहळू जे कायद्याने दिले ते दंडुक्याने काढून घेण्यास प्रारंभ झाला.

ह्या हुसकावणीचा पहिला मोठा तडाखा पश्चिम किनाऱ्याकडील चिन्यांस बसला. चिनी मजुरांस देशात येण्यास बंदी करणारा कायदा १८८२ मध्ये झाला. २ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी कामगारांस ठार केले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला टॅकोमा शहरातील चिन्यांस घरातून काढून, पावसात चालवीत शहराबाहेर नेऊन सोडण्यात आले; मागाहून त्यांची घरे जाळली. जमावात शहराचे प्रतिष्ठित लोक होते, हे विशेष. हुसकावणी हे नेहमी गुंडांचे काम असते, असा आपला एक सोयीचा समज आहे. टॅकोमाने तो समज ठेविला नाही.

मग पाळी काळ्या लोकांची आली. जॉर्जिया राज्यात फोर्साइथ नावाचा तालुक्याएवढा एक परगणा आहे. १९१० च्या शिरगणतीत तेथे १,०९८ काळे लोक होते. १९१२ च्या सप्टेंबरात एका गोऱ्या मुलीवर प्राणघातक हल्ला झाला. संशयितांपैकी एकास जमावाने तुरुंगातून ओढून काढून मारले. कोवळ्या वयाच्या दोघांस खटल्याचा देखावा करून हजारो लोकांसमक्ष फाशी दिले. गुन्हा कोणी केला असेल तो असो. पण शिक्षा त्या १,०९८ जणांस झाली. रात्री घोडेस्वार येत, दारावर गोळ्या झाडीत, चर्चला आग लावीत. काही आठवड्यांत परगणा रिकामा झाला. मागे राहिलेली शेते शेजाऱ्यांनी आपल्या कुंपणात घेतली. पुढे पाऊणशे वर्षे तो परगणा जवळजवळ निखळ गोरा राहिला. १९८७ च्या जानेवारीत तेथे समतेचा मोर्चा निघाला तेव्हा पहिल्या मोर्चावर दगड पडले. आठवड्याने दुसरा निघाला, त्यात सुमारे २०,००० लोक होते.

जेम्स लोएन ह्या अभ्यासकाचा ह्या गावांवरील ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत आपल्याकडील संशोधकांनीही शिकावी अशी आहे. त्याने जुनी शिरगणतीची कोष्टके घेतली आणि कोणत्या गावात काळ्या लोकांचा आकडा एका दशकात एकाएकी शून्यावर आला ते पाहिले. मग त्या त्या गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांस विचारले. त्यास आढळले की अशी गावे गुलामगिरीच्या दक्षिणेत थोडी, आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या उत्तरेतच अधिक. इलिनॉय राज्यात, म्हणजे लिंकनच्या स्वतःच्या राज्यात, ती शेकड्यांनी होती. मोटारीने प्रवास करणाऱ्या काळ्या कुटुंबास रात्री कोठे उतरता येईल ह्याची यादी देणारी एक पुस्तिका न्यूयॉर्कचा व्हिक्टर ग्रीन नावाचा पोस्टमन १९३६ पासून छापू लागला, आणि ती तीस वर्षे खपत राहिली. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वस्त्या ठरविणारे नगरपालिकांचे नियम बेकायदा ठरविले. घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी करणारा कायदा १९६८ मध्ये झाला. पाट्या उतरल्या. सवय लगोलग उतरली असे नव्हे.

वाचक म्हणतील, हे सर्व सातासमुद्रापलीकडचे. त्याचा यवतमाळशी काय संबंध? संबंध पाहण्यासाठी आपणांस १८७१ कडे यावे लागेल.

जोतीरावांनी ती अर्पणपत्रिका लिहिली त्याच्या दोनच वर्षे आधी, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. विधेयकामागील युक्तिवाद सरळ होता आणि म्हणूनच भयंकर होता: ह्या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगा चोर होणारच. आपल्या जातिव्यवस्थेकडे पाहून परक्यांनी हे अनुमान काढले. आपल्यापैकी शहाण्यासुरत्या लोकांनी त्यास मान डोलाविली, कारण ते अनुमान आपल्याच घरातले होते. एकदा सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की ते जाहीरनामे खरे की खोटे ह्याची चौकशी करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास नव्हता. जमातीतील माणसांची नावे वहीत चढत. गाव सोडावयाचे तर परवाना लागे. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. न दिल्यास शिक्षा. परका कोणी येऊन उतरला तर ते कळविण्याचे काम गावच्या पाटलाकडे आणि चौकीदाराकडे होते. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांस आईबापांपासून काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. १९११ मध्ये हा कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लावण्याजोगा झाला, बोटांचे ठसे आले. १९२४ मध्ये सर्व कलमे एकत्र करून तो पुन्हा पक्का केला.

वऱ्हाडात कायद्याच्या आधी पोलिसांची वही येऊन पोहोचली होती. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा 'वणी' नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाड पोलिसांतील मेजर गनथॉर्प ह्याने १८८२ मध्ये मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत ह्यांतील 'गुन्हेगार जमातीं'वर टिपणांचे एक पुस्तक छापले. बंजारा, कैकाडी, पारधी, टाकणकार ह्यांची नावे अशा पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. आपल्या भाषेतही ती परंपरा आली. 'गावगाडा' लिहिणाऱ्या त्रिंबक नारायण आत्र्यांनी त्याआधी, १९११ मध्ये, 'गुन्हेगार जाती' हे पुस्तक लिहिले होते. आत्रे मोठे निरीक्षक, आणि 'गावगाडा' हा आपला ठेवाच. पण त्यात फिरत्या लोकांकडे पाहणारा डोळा कुणब्याच्या ओट्यावरचा आहे. फिरस्ता म्हणजे गावावरील ओझे, हा त्याचा निष्कर्ष. ओट्यावरून तसेच दिसते. मला हे ठाऊक आहे. मी त्या ओट्यावर बसलेलो आहे.

ही माणसे होती तरी कोण? रसेल आणि हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथात पारध्यांचे पोटभेद दिले आहेत. फासेपारधी फासे लावून पाखरे आणि हरणे धरी. चितापारधी शिकवलेल्या चित्त्याकडून शिकार करवी. गायके पारधी बैलाच्या आडोशाने सावजाजवळ जाई. टाकणकार गावोगाव हिंडून जाती टाकी, म्हणजे घासून गुळगुळीत झालेल्या जात्याच्या पाळीस छिन्नीने पुन्हा दाते पाडी. त्याच्यावाचून घरोघरीची भाकरी अडत असे. बंजाऱ्यांची गोष्ट तर आणखी मोठी. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून त्यांचे तांडे किनाऱ्यापासून वऱ्हाडापर्यंत येत. मोगलांच्या फौजांना रसद त्यांनी पुरविली. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली आणि बैलांचा धंदा बुडाला. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि शिकाऱ्याचा धंदा बुडाला. गिरण्या आल्या, टाकणकाराचा धंदा बुडाला. तेव्हा पोटासाठी काहींनी चोऱ्या केल्या काय? केल्या. हे लपविण्याचे कारण नाही. परंतु चोरी करणाऱ्यास चोर म्हणणे निराळे आणि पाळण्यातील पोरास चोर म्हणणे निराळे. ज्या दिवशी हा भेद पुसला गेला, त्या दिवशी फोर्साइथ आणि आमची चावडी ह्यांत फक्त अंतर उरले.

ह्याच जिल्ह्यातील एक प्रसंग येथे आठवतो. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसदला जंगलसत्याग्रह केला. राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. वणीच्या ह्या सुपुत्राचा आपणांस सार्थ अभिमान आहे. पण त्याच जंगलात त्याच कायद्याखाली तित्तराला फासे लावणारा पारधी पकडला जाई तेव्हा तो सत्याग्रही नव्हता, चोर होता. कायदा एकच, मोडणाऱ्याची जात निराळी. अणे ज्या दाराने तुरुंगातून बाहेर आले तेथे हार घेऊन लोक उभे होते. पारधी बाहेर आला तेथे हजेरीची वही उभी होती.

इतर प्रांतांत ह्या लोकांसाठी 'सेटलमेंट' उभ्या राहिल्या. सोलापूरची सेटलमेंट मराठी वाचकांस माहीत आहे: काटेरी तारांचे कुंपण, आत कुटुंबे, आणि जवळच कामगारांची गरज असलेल्या कापडगिरण्या. अमेरिकन गाव काळ्यास रात्री बाहेर काढी. आमची सेटलमेंट रात्री आत कोंडी. वरवर पाहता दोन्ही उलट. पण दोहोंचे घड्याळ एकच: दिवसभर मजुरी, आणि दिवस मावळला की 'तुझी जागा तुला दाखवितो'. गावोगावच्या बेड्यास तर दोन्ही भोग होते. गावाने राहू द्यावयाचे नाही आणि कायद्याने जाऊ द्यावयाचे नाही. येथे थांबलास तर पाटील हाकलणार. निघालास तर परवाना कोठे आहे म्हणून शिपाई धरणार.

स्वराज्य आले. १९३६ मध्येच पंडित नेहरूंनी नेल्लोर येथे ह्या कायद्याचा निषेध केला होता. १९४९ मध्ये अनंतशयनम् अय्यंगार ह्यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली. आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा देशभर रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी ह्या लोकांचा स्वातंत्र्यदिन उगवला. म्हणून त्यांस 'विमुक्त' म्हणतात. यवतमाळ तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. त्या दिवशी आमच्या चावडीवर कोणी दवंडी पिटली असेल असे मला वाटत नाही. पिटली असती तर मी सांगितलेली संध्याकाळ मला दिसली नसती. कारण ती त्यानंतरची आहे. कायदा गेला होता, पण आबाजींचे वाक्य तेथेच होते.

शासनानेही वाक्य पुरते पुसले नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जातीचे नाव नाही, आणि हा मोठा फरक आहे हे मान्य केले पाहिजे; पण पोलिसठाण्यात संशयिताची यादी करताना हात जुन्याच वहीकडे जाई. १९९८ मध्ये बंगालमध्ये एका शबर तरुणाचा आणि त्याच वर्षी बारामतीकडे एका पारध्याचा पोलिसकोठडीत अंत झाला. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड ह्यांनी त्या वर्षी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. २००० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध निकाल देताना विमुक्तांस जन्मतः गुन्हेगार धरणाऱ्या नियमांवरही बोट ठेविले. म्हणजे १८७१ चे अनुमान पुसण्याचे काम दीडशे वर्षांनंतरही चालूच आहे.

कोणी विचारील, आता काय उरले? उरले ते कागदांत पाहावे. फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. पण दाखला हवा असेल तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. विमुक्त जातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. ज्याला गावाने एक रात्र राहू दिले नाही, त्याच्या नातवाकडे आपण विचारतो, तुझा आजा कोणत्या गावी राहत होता? पकडावयाचे होते तेव्हा सरकारकडे त्याच्या बोटांचे ठसेसुद्धा होते. देण्याची वेळ आली तेव्हा त्याचा मागमूस लागत नाही. कैकाड्यांची कथा आणखी चमत्कारिक. यवतमाळात ते अनुसूचित जातीत मोडतात. पैनगंगा ओलांडून नांदेडकडे गेले की तेच विमुक्त होतात. नदीला पाणी नसले तरी ही हद्द आटत नाही.

तरीही सर्वच चित्र काळे रंगविणे हा अन्याय होईल. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातून वसंतराव नाईक पुढे आले आणि १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ज्या जमातीचे नाव पोलिसांच्या वहीत होते, तिच्या पुत्राने राज्याच्या वहीवर सही केली. आमच्या सीमेलगत अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले ह्या फासेपारधी शिक्षकाने सरकारी नोकरी सोडून बेड्यावरील मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव त्यांनी 'प्रश्नचिन्ह' ठेविले. ह्याहून समर्पक नाव मला तरी सुचले नसते. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसास घर वा गाव सोडण्यास भाग पाडणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे आमच्या चावडीवरील ते मवाळ वाक्य आज कोणी उच्चारले तर तो तुरुंगात जाऊ शकतो. फासेपारध्यास हे संरक्षण आहे. ज्या विमुक्त जाती ह्या दोन्ही याद्यांत नाहीत त्यांस मात्र नाही.

लोएनने म्हाताऱ्या अमेरिकनांस प्रश्न विचारले तेव्हा पुष्कळांनी सहज उत्तरे दिली. त्यांस लाज वाटत नव्हती, कारण आपण काही केले असे त्यांस वाटतच नव्हते. मी हा लेख आबाजींस दोष देण्यासाठी लिहिला नाही. ते कधी कोणाच्या अंगावर धावले नाहीत. त्यांनी कोणाचे पाल जाळले नाही. पण अशा व्यवस्थेला जाळणारा क्वचितच लागतो. तिला संध्याकाळी ओट्यावर बसून शांतपणे बोलणारा एक भला माणूस पुरतो, आणि ते ऐकून जेवावयास जाणारे घर पुरते. आमच्या यवतमाळात इतिहासाची हौस जुनी आहे. शारदाश्रमाने आणि डॉ. य. खु. देशपांड्यांनी महानुभावांच्या पोथ्यांसाठी किती खटपट केली! आता एक खटपट बाकी आहे. कोणत्या गावी बेडा होता, तो केव्हा उठला आणि कोणी उठविला, हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांच्याकडे जाऊन लिहून घेतले पाहिजे. निदान नातवास पुरावा तरी मिळेल.

आमच्या गावची ती चावडी पडली. नाल्यापलीकडे आता तुरीचे वावर आहे. बेडा कोठे गेला म्हणून मागल्या दिवाळीत मी गावात चार जणांस विचारले. चौघांनीही एकच सांगितले: "गेले असतील कोठेतरी." पणत्या नुकत्याच लागल्या होत्या.